पौषातलं नागपूर, कुत्र्यांच्या चालीनं

शुक्रवार

दादा-वहिनी लेकीकडे बंगळुरूला गेले आणि गोकुळपेठेतल्या घरात आई, दोन कुत्री आणि एक बोका उरले. आईच्या गुडघ्यांना आता कुत्र्यांची ओढ झेपत नाही. म्हणून मी नाशिकहून सुट्टी काढून आले. माहेरी यायला तसं निमित्त लागत नाही, पण जानेवारीतलं नागपूर वाट्याला यावं ही माझी फार दिवसांची इच्छा होती. बाहेरच्यांना नागपूर म्हटलं की पंचेचाळीस अंशांचा मे महिना आठवतो. याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे सांगितलं तर विश्वास बसत नाही. यंदा थंडी एवढी कडक नव्हती, तरी पहाटे दहाच्या खाली जात होती. हवा कोरडी, आकाश निळंशार, आणि ऊन निघालं की अंगावर घेत बसावंसं वाटणारं.

घरची मंडळी अशी. ब्रुनो लॅब्राडॉर आहे, अकरा वर्षांचा, साईच्या रंगाचा, तोंडाभोवती पांढरा झालेला. जांभूळ गावठी कुत्री, नखशिखांत काळी. आणि संत्र्या हा केशरी बोका. केशरी मांजरांत साधारण दहातले आठ बोकेच असतात, कारण तो रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं.

कॅमेरा म्हणजे माझा जुना सोनी आरएक्स१००, २०१२ सालचं मॉडेल. वजन बॅटरीसकट २४० ग्रॅम, स्वेटरच्या खिशात बसतो. सेन्सरला एक इंची म्हणतात, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. तरीही अंधुक उजेडात तो फार गुणाचा आहे, कारण भिंग रुंद बाजूला एफ/१.८ पर्यंत उघडतं. फोनही चांगले फोटो काढतो, मला त्याचं वावडं नाही. पण दोन कुत्री बरोबर असली की एक हात त्यांचाच असतो. समोरून मांजर गेलं आणि हिसका बसला तर फोन रस्त्यावर जातो. हा कॅमेरा मनगटाच्या दोरीला लटकत राहतो. माझ्या मते कुत्र्यांबरोबर फिरताना याहून मोठा कॅमेरा नेऊच नये. मोठा कॅमेरा नेला की फोटो काढणं होतं, फिरणं होत नाही, आणि हे फिरणं त्यांचं असतं.

संध्याकाळी गल्लीतल्या गल्लीत एक फेरी मारली. आईनं फाटकातून सूचना दिल्या, "ब्रुनोले डावीकडे ठेव. जांभूळ कोपऱ्यावर ओढते, तिथं आधीच आवळून धर." दोन्ही दोऱ्या डाव्या हातात, उजव्या मनगटाला कॅमेरा, कोटाच्या खिशात पिशव्या. गोकुळपेठ बाजारात भाजीच्या गाड्यांवर दिवे लागले होते आणि ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग होते. मी शेंगा घेतल्या. आई रात्री सोलेभात करणार होती.

शनिवार

फुटाळा तलाव. लॉ कॉलेज चौक, रविनगर, भरतनगर करत पायी निघालो तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू होते. सूर्योदय सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना. वाटेत प्रत्येक वळणावर त्या त्या गल्लीची कुत्री बसलेली असतात. जांभूळ त्यांच्यासमोर शेपटी खाली घेऊन, अंग थोडं वळवून उभी राहते, वास देते, वास घेते आणि मग वाट मिळते. ब्रुनोला हे सोपस्कार लागत नाहीत. तो सरळ चालत राहतो आणि तीच बाजूला होतात. म्हाताऱ्या कुत्र्याला मिळणारा हा मान मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

भोसल्यांच्या काळातल्या या तळ्यावर शहर जमतं ते संध्याकाळी. चौपाटीवरून सूर्य पाण्यापलीकडे बुडताना दिसतो, मग मक्याची कणसं, चहा, गाड्यांची गर्दी. पहाटे तिथं चालणारे लोक, काठावर म्हशी आणि पाण्यावर वाफ. रात्री हवा झपाट्यानं गार होते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असतं. त्यामुळे पाण्याला लागून असलेली ओलसर हवा वरच्या गार हवेत मिसळली की धुकं उठतं. सूर्य वर आला की अर्ध्या तासात सगळं विरतं, म्हणून लवकर पोचायचं.

इथं जांभूळचा पहिला खरा फोटो काढायचा होता आणि काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं अवघड असतं. कॅमेऱ्याचं उजेडाचं माप सगळं जग मध्यम राखाडी धरून चालतं. चौकटभर काळं कुत्रं असलं तर त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो काळ्याचा करडा करतो. चौकटभर पांढरं धुकं असलं तर उलटं, तो धुक्याचा चिखल करतो. काळं कुत्रं धुक्यासमोर उभं असलं की माप कुणाचं ऐकणार? धुकं जास्त जागा घेतं, म्हणून ते जिंकतं आणि कुत्रं नुसती काळी आकृती होते, डोळेसुद्धा दिसत नाहीत. मी कॅमेरा एकाच बिंदूवर मोजायला लावला, तो बिंदू जांभूळच्या छातीवर ठेवला आणि एक्स्पोजर एक पायरी कमी केलं. धुकं पांढरंफेक झालं. झालं तर झालं. पण तिच्या कानाच्या कडेचे तपकिरी केस, नाकावरचं दव आणि डोळ्यांतलं तळं, सगळं आलं. ती काळी आहे असं आपण म्हणतो. उन्हात ती कुठे कुठे गडद जांभळट तपकिरी दिसते, आणि भाचीनं तिचं हे नाव का ठेवलं ते तिथं कळतं.

दुसरी गोष्ट उंचीची. उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्र्याची पाठ आणि रस्ता येतो. त्याचं जग यायला हवं तर कॅमेरा गुडघ्याखाली न्यावा लागतो. माझ्या मॉडेलचा पडदा वळत नाही, त्यामुळे खाली नेल्यावर काही दिसत नाही. हात सैल सोडायचा, भिंग २८ मिलिमीटरवर ठेवायचं, अंदाजानं बटण दाबत चालायचं. बऱ्याच चौकटी वाया जातात. ज्या साधतात त्यांत म्हशीचे पाय खांबांएवढे, चहाच्या स्टोव्हची निळी ज्योत डोळ्यांच्या रेषेत आणि चालायला आलेल्या काकाजींचे पांढरे बूट.

परतताना तर्री-पोहे घेतले. ब्रुनो समोर बसून थेट डोळ्यांत बघत होता. पोहेवाले भाऊ म्हणाले, "द्या ना ताई थोडं त्याले, कसा पाहून राहिला." नाही दिलं. कांदा-लसूण कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, आणि तर्रीत दोन्ही भरपूर. त्यांच्यासाठी मी खिशात उकडलेल्या रताळ्याचे काप नेले होते.

रविवार

सकाळची फेरी नेहमीची झाली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुपारी गच्चीवर ऊन खात बसलो. आईनं संत्री सोलली. आंबिया बहाराची शेवटची फळं बाजारात होती, मृग बहाराला अजून अवकाश होता. सालं वाळायला पसरली तशी संत्र्या बोक्यानं त्यांना वळसा घालून दुसरी भिंत गाठली. मांजरांना लिंबूवर्गीय वास अजिबात सोसत नाही, मग नाव काहीही असो. जांभूळला दोन फोडी बिया काढून दिल्या. कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे दोन रंग नीट दिसतात, तांबडा वेगळा कळत नाही. म्हणजे ज्या रंगानं नागपूर ओळखलं जातं तो तिच्यासाठी पिवळसर-मळकट असणार. तिनं फोडीचा वास मात्र बराच वेळ घेतला, मग खाल्ली.

बोक्याची फेरी संध्याकाळी असते, आणि ती त्याची असते. मी दार उघडायचं आणि मागून जायचं. त्याला दोरी नाही. तो कंपाउंडच्या भिंतीवरून निघतो, शेजारच्या लिंबाखाली थांबतो, दोन घरं सोडून स्कूटरच्या सीटवर बसतो, गल्लीच्या टोकाला दिव्याच्या खांबापाशी वळतो. तिथून पुढे हद्द दुसऱ्या बोक्याची. अंतर पाच मिनिटांचं, वेळ पाऊण तास. कुत्रा माणसाकडे पाहत पाहत चालतो, बोका आपण आहोत हे माहीत असून मागे बघत नाही. पण मी थांबले की तो थांबायचा, हे मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं.

सूर्य पावणेसहाला मावळतो. त्यानंतरच्या निळ्या उजेडात केशरी बोका सुंदर दिसतो. आयएसओ १६००, भिंग पूर्ण उघडं, शटर १/६०, आणि तो थांबेल तेव्हाच बटण. फ्लॅश कधीच नाही. मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो. त्यामुळेच त्याला आपल्याहून कितीतरी कमी उजेडात दिसतं आणि फ्लॅश मारला तर डोळ्यांच्या जागी दोन हिरव्या चकत्या येतात. शिवाय अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो उजेड मारायचा कशाला?

सोमवार

अंबाझरी तलाव. ब्रुनो मागे पडत होता म्हणून रामनगरपर्यंतच त्याला नेलं, घरी सोडलं आणि जांभूळला घेऊन पुन्हा निघाले.

जांभूळची गोष्ट याच पाण्याची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरावर ढग फुटावा तसा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदीनं पात्र सोडलं आणि धरमपेठ, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट अशा वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. माणसं गेली, गोठ्यांतली जनावरं बांधल्या जागी बुडाली. दुसऱ्या दिवशी दादा मित्राचं घर साफ करायला गेला होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर काळं पिल्लू कुडकुडत बसलं होतं, मुठीएवढं. आई सापडली नाही. ते पिल्लू ही आता दोन वर्षांवरची जांभूळ. मला वाटत होतं ती त्या बाजूला जायला घाबरेल. तसं काही झालं नाही. पाणी दिसताच तिनं कान टवकारले आणि काठाकडे ओढ घेतली. घाबरले होते ते मीच, दोरीच्या या टोकाला. ओव्हरफ्लोपाशी उभं राहून मी त्या रात्रीची पातळी डोळ्यांनी मोजत होते आणि ती बेडकाचा माग काढत होती.

पाण्यात वारकरी पक्ष्यांचे थवे होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा. थोडे हळदी-कुंकू बदक. काठाच्या दगडावर धोबी पक्षी शेपूट खालीवर करत धावत होता. हिवाळ्यात हा पाहुणा आला की नागपूरच्या तळ्यांना थंडी आल्याची पावती मिळते. माझ्या कॅमेऱ्याचा झूम १०० मिलिमीटरवर संपतो. पक्षी त्यात ठिपके होतात. जवळ जाण्याचा प्रश्न नव्हता, कारण कुत्रं जवळ आलं की थवा उडतो आणि थंडीत मिळवलेली ताकद फुकट जाते. आम्ही लांब बसलो. मी पक्ष्यांऐवजी पक्षी बघणाऱ्या जांभूळचा फोटो काढला. तिच्या दोन कानांच्या मधून लांबवर वारकऱ्यांची रांग दिसते. मला तो या सगळ्या फेऱ्यांमधला सर्वांत आवडता.

परतीच्या वाटेवर झाडांवर अडकलेला मांजा दिसू लागला. संक्रांत आठवड्यावर, गच्च्यांवर पोट्टे चक्री धरून उभे, "ओ काट"ची आरोळी. पतंग मला आवडतात. नायलॉन मांजाचा मात्र मनापासून राग आहे. सुती दोरा पावसात कुजतो, तुटतो. नायलॉन कुजत नाही, तुटत नाही, गळा कापतो, पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि घेतला जातो. एका फाटकापाशी जांभूळ अचानक थांबली आणि मागचा पाय झटकू लागली. बोटांच्या मधल्या कातडीत धागा गुंडाळला होता. ओढला असता तर कापलंच असतं. तिला बसवलं, पिशव्यांबरोबर ठेवलेली छोटी कात्री काढली आणि दोन ठिकाणी कापून धागा सोडवला. ती माझ्या तोंडाकडे बघत स्वस्थ बसली होती. संक्रांतीच्या आगेमागे कुत्रं फिरवणाऱ्यानं खिशात कात्री ठेवावीच. घरी आल्यावर पंजे कोमट पाण्यानं पुसून, प्रत्येक बोटाची फट उघडून बघावी.

मंगळवार

ब्रुनो मागे का पडतो? दादा म्हणायचा वय झालं, आई म्हणायची थंडी आहे. दोन्ही खरंच होतं, पण माझं समाधान होईना. घरासमोर एक लांब पांढरी भिंत आहे. सकाळी आठला तिच्यावर ऊन सरळ येतं. या दिवसांत सूर्य भरदुपारीही जेमतेम ४६ अंशांवर चढतो, तोच मे अखेरीस थेट डोक्यावर येतो. म्हणून इथल्या हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन भरपूर वेळ मिळतं आणि कुत्र्याचे पाय, पोट, छाती सगळं उजळून निघतं. शेजारच्या काकूंच्या मुलाला ब्रुनोची दोरी दिली. त्याला भिंतीलगत दुडक्या चालीत नेऊन आणायला सांगितलं. मी समोरच्या फुटपाथवर मांडी घातली, शटर १/१०००, आणि सेकंदाला दहा चौकटी.

दुडक्या चालीत कुत्र्याचे तिरपे पाय जोडीनं पडतात. पुढचा उजवा आणि मागचा डावा एकत्र, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. दोन्ही जोड्यांना जमिनीवर सारखाच वेळ मिळायला हवा. संगणकावर चौकटी ओळीनं लावल्या आणि बघितलं. मागचा उजवा पाय जमिनीवर टेकल्याच्या चौकटी प्रत्येक खेपेला जास्त, डावा टेकला न टेकला की उचललेला. आणि डावा पाय टेकताना कंबर त्या बाजूला किंचित वर. नुसत्या डोळ्यांना हे दिसलं नव्हतं, कारण तो लंगडत नव्हता. तो वाचवत होता. तो पाय वाचवायला त्यानं चाल हळूच बदलून घेतली होती आणि आम्ही तिला म्हातारपण म्हणत होतो.

सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९५८ सालचं. २००० साली पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं तेव्हापासून ते त्याचा भाग आहे. त्यांच्या दवाखान्यात गेलो. आवारात वासरू घेऊन आलेले एक आजोबा होते, पुठ्ठ्याच्या खोक्यात ससा घेतलेली मुलगी होती, आणि शेळीच्या पोटावर हात ठेवून बसलेली एक बाई. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच काळजी. तिथं कॅमेरा बाहेर काढला नाही.

डॉक्टर मॅडमनी लॅपटॉपवरच्या चौकटी शांतपणे पाहिल्या, मागेपुढे करून पुन्हा पाहिल्या. मग ब्रुनोच्या दोन्ही मांड्यांना टेप लावून माप घेतलं. डावी मांडी बारीक होती. पाय वापरला नाही की स्नायू झडतो, आणि तो एका आठवड्यात झडत नाही. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला दिसला. मोठ्या जातींत, लॅब्राडॉरमध्ये विशेष, खुब्याचा हा त्रास आढळतो आणि थंडीत सांधे आखडतात.

उपाय साधे होते. एक लांब फेरी बंद, तीन-चार छोट्या. सकाळी ऊन आल्यावर, गार डांबरावर पहाटे नाही. झोपायला फरशीवर नाही, जाड गादी. जिना बंद. वजन कमी. औषध त्यांनी दिलं तेच, दुसरं काही नाही. त्यांनी बजावून सांगितलं की घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतं, पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं. औषधांच्या डब्यात दोन्ही असतात आणि माया करणारे लोकच चुकून देतात. वजनाचं ऐकून आई गप्प झाली. रोज रात्री तूप लावलेली अर्धी पोळी त्याला तिच्या हातून जात होती. परतताना रिक्षात ती म्हणाली, "आता त्याले गाजर देत जाईन. पण माझ्याच हातानं देईन." ब्रुनोचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

बुधवार

ब्रुनोची नवी फेरी सिव्हिल लाइन्समध्ये, दादाच्या गाडीतून नेऊन. रस्ते सपाट, रुंद, सावलीचे, आणि विधिमंडळाचं अधिवेशन संपल्यानं मोकळे. डिसेंबरात इथं बॅरिकेड असतात. उच्च न्यायालयाची दगडी इमारत उन्हात उजळली होती. हेन्री मेड या वास्तुविशारदाची ही वास्तू १९४० साली खुली झाली. ब्रुनो तिच्यासमोरच्या झाडाच्या बुंध्याशी एवढा वेळ थांबला की मला कमानी नीट बघता आल्या. इतकी वर्षं इथून स्कूटरनं गेले, कमानी कधी मोजल्या नव्हत्या.

मग झीरो माइल. दगडी खांब, चार घोडे, बाजूला त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ चा मानक उंचीदर्शक दगड. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. खाली षटकोनी चौथऱ्यावर गावांची अंतरं, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, हैदराबाद. कठड्याबाहेरून एक चौकट घेतली. मागे पुढचे पाय उचललेले घोडे, पुढे ब्रुनो बसलेला, डावा पाय बाजूला सोडून. आता मला माहीत होतं की तो असा का बसतो. याआधीचे त्याचे तीन-चार वर्षांचे फोटो मी रात्री फोनवर शोधले. गेल्या पावसाळ्यापासूनच्या प्रत्येक फोटोत तो याच बाजूला पाय सोडून बसला आहे. सगळे फोटो तोंडाचे, जीभ बाहेर, टोपी घातलेले, वाढदिवसाचे. पाय कुणी बघितलेच नव्हते.

वीस मिनिटांत गाडीत बसवून घरी आणलं. त्याला अजून चालायचं होतं.

गुरुवार

जांभूळबरोबर पुन्हा फुटाळा, या वेळी तेलंगखेडीच्या बाजूनं. वस्तीजवळ सातवी-आठवीतला एक मुलगा शेळी घेऊन उन्हात उभा होता. शेळीच्या अंगात मुलाचाच जुना शाळेचा स्वेटर, पुढचे पाय बाह्यांतून काढलेले. "ताई, फोटू काढून राहिल्या का? आमच्या राणीचा बी काढा ना एक." राणी गाभण होती म्हणून स्वेटर. जांभूळनं तिचा वास घेतला, राणीनं डोकं खाली करून इशारा दिला, दोघी मग एकमेकींकडे दुर्लक्ष करून उभ्या राहिल्या. मुलानं राणीच्या गळ्यात हात टाकला. मी उकिडवी बसले. फोटोत तिघं एकाच उंचीवर आहेत.

धरमपेठेतल्या स्टुडिओत संध्याकाळी छापून घेतला, शुक्रवारी सकाळी नेऊन दिला. त्यानं तो स्वेटरच्या आत ठेवला, घडी पडू नये म्हणून हातानं दाबून धरला आणि घराकडे पळाला. राणी मागोमाग.

शुक्रवार

दादा-वहिनी दुपारच्या विमानानं आले. आधी एक्स-रे दाखवला, मग चौकटींची ओळ. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी रोज सोबत चालत होतो ना." मी म्हटलं, सोबत चालणाऱ्याला बाजूनं दिसत नाही, बाजूनं बघायला कुणीतरी पलीकडच्या फुटपाथवर बसावं लागतं.

डॉक्टर मॅडमनी सांगितलं आहे की दर महिन्याला अशीच ओळ काढून आणा. तीच भिंत, तीच बाजू, तीच दुडकी चाल, म्हणजे औषधाचा आणि वजनाचा फरक चौकटी मोजून कळेल. दादाच्या फोनमध्ये हळू गतीचा व्हिडिओ निघतो, त्याला तेवढा पुरतो. फ्रिजवर वहिनीनं तक्ता लावला, सकाळी साडेआठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच, आणि गाजराचं खातं आईच्या नावावर. पहिली नोंद वजनाची केली, ३८ किलो. पुढची तपासणी फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी आहे.